प्रेमकथा की डिस्टोपियन कादंबरी? निवड करू पाहणाऱ्या वाचकासाठी तुलनात्मक आढावा

वाचायला मोजका वेळ आहे आणि समोर दोन पुस्तके आहेत, एक प्रेमकथा आणि एक डिस्टोपियन कादंबरी (म्हणजे दडपशाहीने किंवा अन्यायाने बिघडलेल्या काल्पनिक जगाची गोष्ट), अशा वेळी बहुतेक जण ठरलेला सल्ला देतात: मन हलके करायचे असेल तर प्रेमकथा घ्यावी आणि विचार करण्याची तयारी असेल तर दुसरी उघडावी. गेल्या काही वर्षांत गाजलेल्या या दोन्ही प्रकारांतील कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्यावर हा सल्ला मला पटेनासा झाला आहे. काही प्रेमकथांनी मला कित्येक दिवस अस्वस्थ ठेवले, तर दडपशाहीच्या वर्णनांनी पानेच्या पाने भरलेली काही पुस्तके मनाला न शिवताच संपली. हलके आणि जड ही विभागणी वेष्टनावरची आहे, आणि तिच्यावर विसंबून निवड केली तर निराशा होण्याचीच शक्यता अधिक.

दोन्ही प्रकारांना मी एकच प्रश्न विचारते. समोर सोपी वाट दिसत असताना हे पात्र तिने का जात नाही? प्रेमकथेत या प्रश्नाचे रूप असे असते की ही दोघे एकमेकांशी सरळ बोलत का नाहीत. डिस्टोपियन कादंबरीत तो असा येतो की वेळ हातात असताना हा माणूस पळून का जात नाही, किंवा नकार का देत नाही. लेखकाने या प्रश्नाचे उत्तर पक्के रचले असेल तर कादंबरीतले बाकीचे दोष सहन होतात. ते उत्तर केवळ कथानक लांबवण्याच्या सोयीचे असेल तर सुंदर भाषाही तिला वाचवू शकत नाही.

ही कसोटी प्रेमकथेला विशेष आवश्यक आहे, कारण तिचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. अमेरिकेतील प्रेमकथालेखकांच्या संघटनेने या प्रकाराची जी व्याख्या केली आहे, तिच्यात केंद्रस्थानी असलेली प्रेमकथा आणि समाधान देणारा आशादायी शेवट या दोनच अटी आहेत. दोघे एकत्र येणार हे पहिल्या पानापासून माहीत असल्यामुळे वाचकाचे सारे लक्ष त्यांना दूर ठेवणाऱ्या गोष्टीवर असते. डिस्टोपियन कादंबरीत शेवटाची हमी नसते. तिथे हमी असते ती गृहीतकाची. हे जग असे बिघडले आहे, एवढे मान्य करून आपण आत शिरतो आणि मग त्या बिघाडात माणसे रोजचा दिवस कसा काढतात ते पाहतो.

निघून जाण्याचा प्रश्न

पॉल लिंच यांची ‘प्रॉफेट साँग’ २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीचे बुकर पारितोषिक तिला मिळाले. डब्लिनमधल्या एका घराचे दार संध्याकाळी वाजते. साध्या वेशातील दोन पोलीस एलिश स्टॅककडे तिच्या नवऱ्याची चौकशी करतात आणि तो घरी नसल्याने निरोप ठेवून जातात. नवरा, लॅरी, शिक्षक संघटनेचा पदाधिकारी आहे. पुढे तो मोर्चाला जातो आणि परत येत नाही. एलिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. तिला चार मुले आहेत, त्यांतले सर्वांत धाकटे अजून तान्हे आहे. आणि शहरात दुसरीकडे एकटे राहणाऱ्या तिच्या वडिलांची स्मृती हळूहळू जात चालली आहे. कॅनडात राहणारी बहीण तिला निघून येण्याविषयी विनवत राहते, आणि थोडी पाने वाचून झाली की वाचकही मनातल्या मनात तेच म्हणू लागतो.

या कादंबरीचे मोठेपण मला इथेच दिसते. एलिश मूर्ख नाही आणि तिचा अतिआशावादही लेखकाने सोयीपुरता वापरलेला नाही. नवरा उद्या सुटून आला आणि घराला कुलूप असले तर? वडिलांना कोण पाहील? थोरला मुलगा सतराव्या वर्षात येतो तोच त्याच्यावर सक्तीच्या लष्करभरतीचे सावट पडते, मग त्याला सोडून निघायचे कसे? थांबण्याचे प्रत्येक कारण त्या त्या दिवशी रास्त असते. शाळा, नोकरी, स्वयंपाक आणि तान्ह्याची झोप या गोष्टी चालूच राहतात, आणि प्रत्येक तडजोड आधीच्या तडजोडीपेक्षा थोडीच मोठी असल्यामुळे नेमक्या कोणत्या दिवशी निघायला हवे होते हे वाचकालाही शेवटपर्यंत बोट ठेवून सांगता येत नाही. दूरच्या देशांतून निघालेल्या निर्वासितांविषयी ‘ही माणसे आधीच का निघाली नाहीत’ असे जे सहज बोलले जाते, त्याला इतके सविस्तर उत्तर मी दुसऱ्या कोणत्याही अलीकडच्या कादंबरीत वाचलेले नाही. सीरियातील विध्वंस आणि त्याविषयीची पाश्चात्त्य उदासीनता मनात ठेवून हे लेखन सुरू झाल्याचे लिंच यांनी सांगितले आहे, आणि ती मूळ प्रेरणा पुस्तकात प्रत्येक टप्प्यावर जाणवते.

तरीही हे पुस्तक मी डोळे झाकून कोणाच्या हाती देणार नाही. प्रकरणांच्या आत परिच्छेद पाडलेले नाहीत, संवादांना अवतरणचिन्हे नाहीत, आणि वाक्ये श्वास घ्यायला जागा न देता पुढे सरकत राहतात. कोण बोलते आहे हे सुरुवातीच्या तीसचाळीस पानांत मला दोन-दोन वेळा मागे जाऊन पाहावे लागले. ती घुसमट लेखकाला हवीच आहे आणि उत्तरार्धात तिचा परिणाम जबरदस्त होतो, पण काही ठिकाणी उपमा इतक्या दाटीने येतात की त्यांच्या खाली दबलेली घटना शोधावी लागते. माझी दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सत्तेवर आलेल्या पक्षाला लोकांनी का स्वीकारले, शेजाऱ्यांपैकी कोणाला तो आपला का वाटला, याविषयी कादंबरी फारच थोडे सांगते. एलिशच्या नजरेपलीकडचे काही दाखवायचे नाही हा लेखकाचा निर्णय मला समजतो. तरी तिच्या गल्लीतल्या, कार्यालयातल्या माणसांच्या मनात डोकावण्याची संधी त्या नजरेच्या आत राहूनही घेता आली असती.

सेलेस्ट इंग यांच्या ‘अवर मिसिंग हार्ट्स’ या २०२२ च्या कादंबरीत हीच बाजू अधिक भरलेली आहे. आर्थिक संकटाने पोळलेल्या अमेरिकेत संस्कृतीच्या रक्षणाच्या नावाखाली एक कायदा होतो. आशियाई वंशाच्या लोकांकडे संशयाने पाहिले जाते, आणि ‘अयोग्य’ विचारांच्या आईवडिलांकडून मुले काढून घेतली जातात. बारा वर्षांचा बर्ड वडिलांसोबत विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतो. पूर्वी भाषाशास्त्र शिकवणारे वडील आता ग्रंथालयात पुस्तके मांडणीत लावतात आणि मान खाली घालून जगतात. आई मार्गारेट कवयित्री आहे, आणि ती तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेली आहे. तिच्या कवितेतली एक ओळ निदर्शकांनी उचलली, ती घोषणा झाली, आणि आपण घरी राहिलो तर मुलगा आपल्यापासून तोडला जाईल हे तिला कळून चुकले.

म्हणजे एलिश मुलांसाठी थांबते आणि मार्गारेट मुलासाठी निघून जाते. दोघींपुढचा पेच मूळचा एकच आहे आणि दोघींची उत्तरे उलट असूनही दोन्ही खरी वाटतात. म्हणूनच ही दोन पुस्तके मी शेजारी ठेवते. रचनेत मात्र मोठा फरक आहे. इंग यांचे गद्य स्वच्छ आणि सौम्य आहे, आणि बर्डच्या नजरेतून येणारा पहिला भाग मला संपूच नये असे वाटत होते. कुटुंबांपासून तोडलेल्या मुलांची माहिती गुपचूप जपणारे ग्रंथपाल ही या कादंबरीतली सर्वांत सुंदर कल्पना आहे, कारण नोंद ठेवणे हे ग्रंथपालांचे नित्याचेच काम आहे आणि इथे तेच प्रतिकार होऊन बसते. दुसऱ्या भागात मात्र मार्गारेट आपली हकिगत सांगू लागते, संकट कसे आले, कायदा कसा झाला, याचे लांबलचक निवेदन सुरू होते आणि कथेची गती मंदावते. शहरभर पेरलेल्या बाटल्यांच्या बुचांतून हरवलेल्या मुलांच्या कहाण्या ऐकू येतात, हा तिचा प्रतिकार काव्यमय आहे; इतक्या कठोर राजवटीला तो कितपत हलवील हा प्रश्न मात्र मला शेवटच्या पानांत सतावत राहिला.

डिस्टोपियन कादंबरी पहिल्यांदाच वाचणाऱ्याने इंग यांच्यापासून सुरुवात करावी. ज्याला या प्रकाराची सवय आहे आणि त्यातले राजकारण आता ओळखीचे वाटू लागले आहे, त्याने लिंच यांना आठ दिवस द्यावेत. त्या दिवसांत दुसरे काही वाचणे जमणार नाही, हेही गृहीत धरावे.

न बोलण्याचा प्रश्न

सॅली रूनी यांची ‘नॉर्मल पीपल’ २०१८ ची आहे, त्यामुळे ती अगदी ताजी म्हणता येणार नाही, पण आजही प्रेमकथेविषयीची चर्चा तिच्यापाशी येऊन थांबते. रूनीही आयरिश आहेत, त्यांच्याही कादंबऱ्यांत अवतरणचिन्हे नाहीत, आणि तरी परिणाम लिंच यांच्या नेमका उलट होतो: तिथे शब्द गळ्याशी येतात, इथे दोन माणसांच्या बोलण्यातले आणि मनातले अंतर पुसले जाऊन वाचक त्यांच्या फार जवळ जाऊन बसतो.

मारिआन श्रीमंत घरातली आहे आणि कॉनेलची आई तिच्या घरी साफसफाईचे काम करते. शाळेत कॉनेल सर्वांचा आवडता आणि मारिआन एकटी. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेल्यावर पारडे उलटे फिरते. एका उन्हाळ्यात कॉनेलचे काम सुटते आणि खोलीचे भाडे परवडेनासे होते. मारिआनच्या घरी काही महिने राहू दे, एवढेच त्याला विचारायचे असते. तो विचारू शकत नाही. आपण गावी परत जातो आहोत असे तो सांगतो. त्याला आपल्यापासून सुटायचे आहे असा तिचा समज होतो. आणि दोघे वेगळी होतात.

एका वाक्याने सुटला असता असा हा गैरसमज आहे, आणि माझ्या कसोटीवर तो सपशेल पडायला हवा. पण तो पडत नाही. कॉनेलच्या तोंडून ते वाक्य का निघत नाही हे आधीच्या शंभर पानांनी सिद्ध केलेले असते. ज्या घरात आपली आई फरशी पुसते, त्या घराच्या मुलीकडे आसरा मागणे त्याला जमत नाही, आणि तिला तर पैशाचा प्रश्न असा असू शकतो हे सुचतही नाही. इथे वर्गभेदावर एकही भाषण नाही, तरी वर्गभेद म्हणजे काय ते त्या अर्धवट राहिलेल्या संभाषणात पूर्ण समजते. गैरसमजावर उभी राहिलेली प्रेमकथा चांगली असूच शकत नाही, असे माझे पूर्वी मत होते. ते या प्रसंगाने बदलले. या कादंबरीत मला खटकले ते मारिआनचे घर. तिचा भाऊ आणि आई क्रूर आहेत, पण का ते कळत नाही, आणि पुढच्या नात्यांत ती स्वतःला जो त्रास करून घेते त्याची सांगड त्या क्रौर्याशी फार घाईने घातली आहे.

एमिली हेन्री यांची ‘बुक लव्हर्स’ (२०२२) ही त्या मानाने पूर्णपणे साच्यातली प्रेमकथा आहे, आणि तिला साच्याची उत्तम जाण आहे. लहान गावात आलेला शहरी पुरुष तिथल्या साध्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि शहरातल्या कर्तबगार प्रेयसीला सोडून देतो, हे कथानक सर्वांच्या परिचयाचे आहे. हेन्री यांची नायिका नोरा ही ती सोडून दिलेली प्रेयसी आहे. ती साहित्यिक एजंट आहे, बहिणीच्या आग्रहाखातर महिनाभर एका लहान गावात येते आणि तिथे तिला भेटतो तो तिच्याच व्यवसायातला, तिच्याइतकाच तिखट बोलणारा संपादक चार्ली. या दोघांना दूर ठेवणारी गोष्ट गैरसमजाची नाही. त्याच्यावर आईवडिलांची जबाबदारी आहे, म्हणून त्याला गावात राहणे भाग आहे. तिचे काम, तिची बहीण आणि तिची स्वतःविषयीची कल्पना न्यूयॉर्कशी बांधलेली आहे. एकमेकांना नीट समजून घेतल्यावरही सुटत नाही असा अडथळा हलक्याफुलक्या प्रेमकथेत क्वचित सापडतो. दोष सांगायचा तर, प्रेमिकांना टाळता आलेला ‘एका संभाषणात मिटेल’ असा पेच इथे बहिणींच्या वाट्याला गेला आहे. धाकटी काहीतरी लपवते आहे हे वाचकाला लवकर कळते आणि ते उघड व्हायला फार पाने लागतात.

याच लेखिकेची ‘हॅपी प्लेस’ (२०२३) मला बरीच दुबळी वाटली. नाते मोडलेले जोडपे मित्रमंडळींपुढे अजून एकत्र असल्याचे नाटक करते, ही कल्पना रंजक आहे. पण ते मोडले कशामुळे, हे त्या दोघांनीच एकमेकांना धडपणे विचारलेले नसल्यामुळे सारा डोलारा त्या न विचारलेल्या प्रश्नावर तोललेला राहतो, आणि कॉनेलच्या मौनामागे जे वजन होते ते इथे नाही.

रूनी यांच्या ‘इंटरमेझो’विषयी (२०२४) थोडक्यात सांगते. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या काळातली ही दोन भावांची कथा आहे. धाकटा आयव्हन बावीस वर्षांचा बुद्धिबळपटू आहे आणि तो छत्तीस वर्षांच्या, नवऱ्यापासून विभक्त झालेल्या मार्गारेटच्या प्रेमात पडतो. थोरला पीटर वकील आहे, आणि तो स्वतः दोन नात्यांत अडकलेला असताना धाकट्याला नावे ठेवतो. आयव्हन आणि मार्गारेट यांची प्रकरणे मी पुन्हा वाचली, कारण लहान गावात लोक काय म्हणतील ही भीती तिथे कोणतीही खलव्यक्ती उभी न करता दाखवली आहे. पीटरची प्रकरणे तुटक, क्रियापदे गाळलेल्या वाक्यांत आहेत. त्यांनी मला थकवले. तरीही ‘नॉर्मल पीपल’पेक्षा हे पुस्तक अधिक पिकलेले आहे असे माझे मत आहे.

प्रेमकथा म्हणून विकली गेलेली एक वेगळी गोष्ट

कोलीन हूवर यांची ‘इट एंड्स विथ अस’ २०१६ मध्ये आली, पण टिकटॉकवरील वाचकांमुळे ती पाच-सहा वर्षांनी पुन्हा खपाच्या याद्यांत चढली आणि २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. या पुस्तकाबद्दल मला दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगायच्या आहेत, आणि दोन्ही मला तितक्याच महत्त्वाच्या वाटतात.

लिलीने लहानपणी वडिलांना आईवर हात उचलताना पाहिले आहे. आई हे सहन का करते, हा तिचा आयुष्यभराचा प्रश्न आहे. पुढे राइल या शल्यचिकित्सकावर तिचे प्रेम जडते, आणि एके दिवशी तोही हात उचलतो. ‘ती निघून का जात नाही’ हा जो प्रश्न आपण एलिशला विचारतो, तोच इथे एका घराच्या चार भिंतींत विचारला गेला आहे. पहिला फटका, त्यानंतरची क्षमायाचना, तिने स्वतःलाच दिलेली स्पष्टीकरणे, आणि आईविषयीच्या जुन्या रागाचे समजुतीत होणारे रूपांतर, हा क्रम हूवर यांनी प्रामाणिकपणे लिहिला आहे. त्यामागे आपल्या आईवडिलांच्या संसाराचा अनुभव असल्याचे त्यांनी पुस्तकाच्या शेवटी नमूदही केले आहे. अनेक स्त्रियांना या पुस्तकात आपली गोष्ट दिसली, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

पण या गोष्टीला प्रेमकथेचे कपडे चढवल्यामुळे तिचे नुकसान झाले आहे. राइलची देखणी, हवीहवीशी प्रतिमा पहिल्या भागात इतक्या प्रेमाने रंगवली आहे की पुढे त्याच्या हिंसेला बालपणीच्या आघाताचे कारण मिळते तेव्हा वाचकाचा कल नकळत त्याच्याकडे झुकतो. शिवाय लिलीचा पहिला प्रियकर अ‍ॅटलस जवळच असल्यामुळे तिच्या निर्णयाची कसोटी अर्धी हलकी होते. जिच्यासाठी दुसरीकडे कोणीच उभे नाही, अशा स्त्रीचे काय, हा प्रश्न पुस्तक टाळते. गाजावाज्याने तर कळसच गाठला. जानेवारी २०२३ मध्ये या कादंबरीवर आधारित रंगभरणाचे पुस्तक काढण्याची घोषणा झाली आणि वाचकांच्या संतापामुळे ती लगेच मागे घ्यावी लागली. लेखिकेने वाचकांचे म्हणणे मान्य केले. घरगुती हिंसेची कथा विरंगुळा म्हणून विकण्यात काय चुकते, ते तेव्हा सर्वांसमोर आले. म्हणून ज्याला विरंगुळा हवा आहे त्याने हे पुस्तक घेऊ नये, आणि ज्याच्या आयुष्यात हा अनुभव ताजा आहे त्याने ते एकट्याने, रात्री उशिरा वाचू नये. हे मी कळकळीने सांगते.

जिथे दोन्ही प्रकार एकत्र येतात

अलीकडे खूप खपलेली काही पुस्तके या सीमेवरचीच आहेत. रिबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’ (२०२३) या कादंबरीत व्हायोलेट या शरीराने नाजूक मुलीला तिची सेनापती आई ड्रॅगनस्वारांच्या प्राणघातक लष्करी विद्यालयात धाडते. तिथे तिचा सर्वांत मोठा शत्रू ठरावा असा झेडन भेटतो, ज्याच्या वडिलांना बंडखोरीबद्दल तिच्याच आईच्या राजवटीने मृत्युदंड दिलेला आहे. हा अडथळा रक्ताचा आणि इतिहासाचा असल्यामुळे पहिल्या पुस्तकात तो खूप ताण निर्माण करतो. राज्याने स्वतःचा इतिहास खोडून लिहिला आहे, हा धागाही त्यात आहे. दुर्दैवाने प्रेमाचा भर वाढला की त्या राज्यव्यवस्थेचा विचार बाजूला पडतो. विद्यार्थी रोज मरतात आणि पुढच्या प्रकरणात त्यांचा शोक करायला कोणी शिल्लक राहत नाही. सुमारे ५०० पानांचे हे पुस्तक मी दोन दिवसांत वाचले, हे मान्य करायला हवे. तिसरा भाग ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५ मध्ये आला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण दुसऱ्या भागापासूनच नायक-नायिकेला दूर ठेवण्यासाठी एकमेकांपासून गुपिते लपवण्याचा उपाय इतक्या वेळा वापरला गेला आहे की माझा संयम सुटला.

सुझॅन कॉलिन्स यांची ‘सनराइज ऑन द रीपिंग’ (२०२५) याच्या शेजारी ठेवून पाहावी. इथेही तरुण मुलांना मरायला पाठवणारी व्यवस्था आहे आणि इथेही प्रेम आहे. ही त्यांच्या ‘हंगर गेम्स’ मालिकेची पूर्वकथा आहे. सोळा वर्षांचा हेमिच पन्नासाव्या हंगर गेम्समध्ये, म्हणजे मुलांनी एकमेकांना मारेपर्यंत लढायचे अशा सरकारी स्पर्धेत, ओढला जातो. त्या वर्षी नेहमीच्या दुप्पट, म्हणजे ४८ मुले रिंगणात असतात. मूळ मालिका वाचलेल्यांना त्याच्या प्रेमाचा शेवट आधीच ठाऊक आहे. प्रेमकथेत सुखान्त ठाऊक असतो, इथे दुःखान्त ठाऊक आहे, आणि त्यामुळे लेनोर डव्हसोबतचे अगदी साधे क्षणही वाचवत नाहीत. कॉलिन्स यांचा खरा विषय मात्र प्रचारतंत्र हा आहे. मूळ मालिकेच्या दुसऱ्या भागात या स्पर्धेचे चित्रीकरण दाखवले होते. ते किती कापून, जोडून, उलटे फिरवून तयार केलेले होते हे आता कळते. मुले बंड करतच नव्हती असे नाही, त्यांचे बंड पडद्यावर पोहोचू दिले गेले नव्हते. ‘हे सगळे सहन का करतात’ या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात सहन करणाऱ्यांना दोष देण्याची आपली सवय उघडी पडते. मूळ पुस्तके न वाचता मात्र हे वाचू नये. निम्मा परिणाम वाया जाईल.

काझुओ इशिगुरो यांची ‘क्लारा अँड द सन’ (२०२१) या सर्वांहून शांत आहे. नोबेल मिळाल्यानंतरची ही त्यांची पहिली कादंबरी. निवेदक क्लारा ही सूर्यप्रकाशावर चालणारी कृत्रिम मैत्रीण आहे, आणि ती आजारी जोझीला सोबत म्हणून घरी आणली जाते. या जगात मुलांच्या बुद्धीची वाढ जनुकीय बदलांनी केली जाते. जोझीवर तो उपचार झाला आहे, तिचा बालमित्र रिक त्यातून वगळला गेला आहे, आणि त्या एका फरकाने दोघांची भविष्ये वेगळी आखली गेली आहेत. कोणी पोलीस येत नाही, कोणी कायदा वाचून दाखवत नाही. आईवडील प्रेमापोटीच हे सारे करतात. जोझी गेली तर तिच्या जागी काय ठेवता येईल, या आईच्या विचारापर्यंत कथा पोहोचते तेव्हा आपण प्रेमकथा वाचतो आहोत की डिस्टोपियन कादंबरी, हे ठरवणे मला शक्य झाले नाही. क्लाराचे निरागस निवेदन काही जणांना संथ वाटेल; मधला भाग मलाही वाटला.

आता निवडीचे. दीर्घ थकव्यानंतर पुन्हा वाचायला लागणाऱ्याने ‘बुक लव्हर्स’ घ्यावी; तिच्यात हलकेपणा आहे आणि तो स्वस्त नाही. नात्यांचा बारीक विचार आवडणाऱ्याला ‘नॉर्मल पीपल’ आणि नंतर ‘इंटरमेझो’ असा क्रम मी सुचवीन. वेग हवा असेल आणि मालिका अर्धवट सोडण्याची तयारी असेल तर ‘फोर्थ विंग’ एकट्यानेही चालते. दोन्ही प्रकारांपैकी नेमके काय हवे हेच ठरत नसेल तर इशिगुरो. ‘प्रॉफेट साँग’ मी सर्वांत श्रेष्ठ मानते आणि तरीही ती सर्वांत शेवटी सुचवते, कारण घरात आजारपण किंवा ताटातूट चालू असताना तिचा उत्तरार्ध झेपणार नाही. माझी प्रत मी त्या भागाशी तीन आठवडे मिटून ठेवली होती आणि मग एका रविवारी सकाळी उघडून संध्याकाळपर्यंत संपवली.